डिओडँड : देवाच्या नावाने वसूल होणारे मृत्यूचे मोल

२४ डिसेंबर १८४१. नाताळच्या आदल्या दिवसाची पहाट. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून ब्रिस्टलकडे निघालेली ग्रेट वेस्टर्न रेल्वेची एक गाडी रेडिंग शहराच्या अलीकडे, सॉनिंग येथे टेकडी कापून तयार केलेल्या खोल मार्गात शिरली. पावसाने भिजून खचलेली दरड रुळांवर आली होती. ‘हेक्ला’ नावाचे इंजिन त्या ढिगाऱ्यावर आदळले. इंजिनाच्या पाठीमागे तिसऱ्या वर्गाचे दोन उघडे डबे होते आणि त्यांच्या मागे मालाचे जड डबे. मागून आलेल्या या भाराखाली पुढचे प्रवासी चिरडले गेले. त्यांतील बहुतेक जण ब्रिटिश संसदेच्या नव्या इमारतीच्या बांधकामावर काम करणारे कारागीर होते आणि सणासाठी घरी निघाले होते. आठ जण जागीच मरण पावले, एकाने नंतर प्राण सोडला.

या मृत्यूंच्या चौकशीसाठी बसलेल्या पंचांनी, म्हणजे ज्यूरीने, इंजिन आणि डब्यांवर एक हजार पाउंडांचा ‘डिओडँड’ बसविला. ही रक्कम मृतांच्या बायकामुलांना मिळावयाची नव्हती. कंपनीने गुन्हा केला म्हणून झालेली ती शिक्षाही नव्हती. ज्या वस्तूने माणसाचा जीव घेतला ती वस्तू देवाची झाली आणि म्हणून तिची किंमत राजाकडे जमा झाली पाहिजे, असा त्या आकारणीचा अर्थ होता. वाफेच्या युगात, जगातील सर्वांत प्रगत उद्योगाच्या विरोधात, किमान सहाशे वर्षे जुना नियम पुन्हा उभा राहिला होता. त्यानंतर पाच वर्षांच्या आत ब्रिटिश संसदेने तो नियम रद्द केला आणि त्याबरोबर हा शब्दही व्यवहारातून गेला. आज तो इंग्रजी शब्दकोशांत ‘ऐतिहासिक’ अशा शेऱ्यासह आढळतो. तथापि, ज्या प्रश्नातून तो जन्माला आला तो प्रश्न काही शब्दाबरोबर गेला नाही.

‘देव’ खरा, ‘दंड’ खोटा

मराठी वाचकाने ‘डिओडँड’ हा शब्द प्रथम ऐकला तर त्याला त्यात सहजच ‘देवदंड’ ऐकू येईल. अर्थाच्या दृष्टीनेही ही फोड पटण्यासारखी आहे. देवाच्या नावाने बसविलेला दंड, तो देवदंड! गंमत अशी, की यातील निम्मी फोड खरी आहे आणि निम्मी फसवी.

हा शब्द इंग्रजीत आला तो इंग्लंडमधील नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंच बोलीतून आणि त्या बोलीत तो आला मध्ययुगीन लॅटिनमधील ‘देओदान्दुम’ या शब्दावरून. मूळ लॅटिन शब्द दोन आहेत : ‘देओ’ आणि ‘दान्दुम’. ‘देओ’ हे ‘देउस’, म्हणजे देव, या शब्दाचे चतुर्थीचे रूप. लॅटिन ‘देउस’ आणि संस्कृत ‘देव’ हे एकाच इंडो-युरोपीय मूळ शब्दाचे वंशज आहेत, हे भाषाशास्त्रात सर्वमान्य आहे. (ग्रीक भाषेतील ‘थिओस’ हा देववाचक शब्द दिसायला जवळचा, पण त्याचे कूळ वेगळे.) तेव्हा ‘डिओडँड’मधील देव हा आपलाच देव आहे.

‘दान्दुम’चा मात्र दंडाशी काहीही संबंध नाही. संस्कृत ‘दंड’ म्हणजे काठी. काठी हे शासनाचे चिन्ह म्हणून पुढे त्याला शिक्षा असा अर्थ आला. लॅटिन ‘दान्दुम’ हे ‘दारे’, म्हणजे देणे, या क्रियापदापासून झालेले रूप आहे आणि हे क्रियापद संस्कृत ‘दा’ धातूचे भावंड आहे. ‘दान’, ‘दाता’, ‘देय’ हे आपले शब्द त्याच घराण्यातले. संस्कृतमध्ये ‘-तव्य’, ‘-अनीय’, ‘-य’ हे प्रत्यय लावून ‘करण्यास योग्य’, ‘करावयाचे’ असा अर्थ साधला जातो. लॅटिनमध्ये तेच काम ‘-न्दुम’ हा शेवट करतो. म्हणून ‘देओ दान्दुम’चे शब्दशः संस्कृत रूप होईल ‘देवाय देयम्’, आणि मराठी अर्थ होईल ‘देवाला द्यावयाचे’. या शब्दात शिक्षा नाही, देणे आहे. हा फरक केवळ व्याकरणाचा नाही. पुढचा सारा इतिहास समजण्यासाठी तो लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

वस्तूचा अपराध

चालायला शिकणारे मूल उंबऱ्याला अडखळून पडले, की आई उंबऱ्याला चापट मारते आणि मुलाचे रडणे थांबते. ज्याने इजा केली त्याला शासन झाले, एवढे त्या मुलाला पुरते. कायद्याच्या बाल्यावस्थेतही असाच विचार दिसतो.

बायबलच्या जुन्या करारातील ‘निर्गम’ या ग्रंथात, एखाद्या बैलाने माणसाला हुंदडून ठार मारले तर त्या बैलाला दगडांनी ठेचून मारावे आणि त्याचे मांस खाऊ नये, अशी आज्ञा आहे. बैल मारका आहे हे मालकाला ठाऊक असूनही त्याने त्याला आवरले नसेल तर मालकही मृत्युदंडास पात्र ठरतो. अन्यथा तो निर्दोष मानला जातो. प्राचीन अथेन्समध्ये माणसाच्या मृत्यूस कारण झालेल्या निर्जीव वस्तूंवर प्रितानेऑन या ठिकाणी रीतसर खटला चालत असे आणि दोषी ठरलेली वस्तू नगरराज्याच्या सीमेबाहेर टाकली जाई. पौसानियस या ग्रीक प्रवासवर्णनकाराने थेसॉस बेटावरील थिआगेनिस या मल्लाच्या पुतळ्याची कथा नोंदवली आहे. मल्लाच्या मृत्यूनंतर त्याचा एक वैरी रोज रात्री येऊन पुतळ्याला फटके मारीत असे. एके रात्री पुतळाच त्याच्या अंगावर कोसळला आणि तो मेला. त्याच्या मुलांनी पुतळ्यावर खुनाचा खटला भरला व पुतळा समुद्रात फेकण्यात आला. पुढे बेटावर दुष्काळ पडला, देववाणीने कौल दिला आणि कोळ्यांच्या जाळ्यात सापडलेला पुतळा पुन्हा सन्मानाने उभारला गेला, असे ती कथा सांगते.

इंग्लंडमध्ये नवव्या शतकातील राजा आल्फ्रेडच्या कायद्यात झाडाविषयी एक कलम आहे. झाड तोडताना ते चुकून दुसऱ्याच्या अंगावर पडून तो मेला, तर ते झाड मृताच्या नातेवाइकांना द्यावे आणि त्यांनी ते तीस दिवसांत उचलून न्यावे, असा तो नियम होता. इथे एक गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. जीव घेणारी वस्तू या काळात जात होती ती मृताच्या घरी. ती देवाकडे आणि राजाकडे वळली ती नंतर.

माणसाला मारणाऱ्या वस्तूसाठी जुन्या इंग्रजीत ‘बाना’ हा शब्द होता. त्याचा अर्थ मारेकरी. माणूस असो वा झाड, शब्द एकच. आजच्या इंग्रजीत सर्वनाशाचे कारण या अर्थाने वापरला जाणारा ‘बेन’ हा शब्द त्याचाच वंशज होय.

कोरोनरची वही

बाराव्या-तेराव्या शतकांत इंग्लंडमध्ये राजसत्ता बळकट होत गेली, तशी अनैसर्गिक मृत्यूची चौकशी ही राजाची बाब बनली. ११९४ साली त्यासाठी परगण्यांतून स्वतंत्र अधिकारी नेमण्याचे ठरले. राजमुकुटाच्या, म्हणजे ‘क्राउन’च्या हक्कांची नोंद ठेवणारा तो ‘कोरोनर’. आज कोरोनर म्हटले की शवविच्छेदन आठवते. मूळचा कोरोनर मात्र राजाच्या महसुलाचा राखणदार होता.

कोणी अपघाताने मेला, की कोरोनर आसपासच्या गावांतील पंच बोलावी. मृत्यू कसा झाला, कोणत्या वस्तूने झाला आणि त्या वस्तूची किंमत किती, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पंचांनी शपथेवर द्यावयाची असत. १२७६ च्या कोरोनरविषयक कायद्यात घोडे, होड्या आणि गाड्या यांचा या संदर्भात नावानिशी उल्लेख आहे. किंमत ठरली की ती वस्तू त्या गावाच्या ताब्यात दिली जाई आणि राजाचे न्यायाधीश फेरीवर आले की गावाने ती रक्कम भरावयाची असे. प्रत्यक्षात मालक बहुधा किंमत भरून आपली वस्तू ठेवून घेई. बेडफर्डशर परगण्यातील १२६५ पासूनच्या कोरोनरच्या नोंदी आजही उपलब्ध आहेत. एरवी इतिहासात ज्यांचे नाव कधीच आले नसते अशा सामान्य माणसांच्या मृत्यूंची ही वही आहे.

या पद्धतीत मालकाचा दोष पाहिला जात नसे, हे तिचे मुख्य वैशिष्ट्य. मालकाने निष्काळजीपणा केला की नाही, हा प्रश्नच नव्हता. कोणी दुसऱ्याची तलवार उचलून खून केला तरी ती तलवार जप्त होई. तलवारीचा मालक त्या वेळी कुठे होता हे कोणी विचारीत नसे. म्हणूनच खुनाच्या आरोपपत्रात हत्याराची किंमतही नमूद करण्याचा प्रघात पडला होता.

चाक की अख्खी गाडी?

कोणतीही वस्तू देवाची होते म्हटले तरी वस्तू नेमकी किती, हा प्रश्न उरतोच. या प्रश्नावर इंग्लिश कायदेपंडितांनी बराच काथ्याकूट केला. तेराव्या शतकातील ब्रॅक्टनच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या सूत्राचा आशय असा, की जे जे हलत असताना मृत्यूस कारण होते ते ते सारे देवाचे. अठराव्या शतकात विल्यम ब्लॅकस्टोन यांनी आपल्या ‘कॉमेंटरीज’च्या पहिल्या खंडात (१७६५) या नियमांची मांडणी केली आहे.

उभ्या गाडीच्या चाकावरून चढताना कोणी पडून मेला, तर केवळ चाक डिओडँड ठरे. पण गाडी चालती असेल आणि चाक अंगावरून गेले असेल, तर चाक, गाडी आणि गाडीतला मालही जाई; कारण मालाच्या वजनानेच चाकाचा घाव अधिक खोल झाला. उभ्या घोड्यावरून वा गाडीवरून अजाण मूल पडून मेले तर डिओडँड लागू होत नसे, प्रौढ माणूस पडला तर होई. नदीतल्या होडीवरून माणूस पडून बुडाला तर डिओडँड लागू. खाऱ्या पाण्यात, म्हणजे समुद्रात, नाही. खलाशी सतत धोक्यात असतात, दरवेळी जहाज सरकारजमा होऊ लागले तर व्यापार कसा चालणार, हे त्यामागचे व्यावहारिक शहाणपण.

अजाण मुलाला वेगळा नियम का, याचे ब्लॅकस्टोन यांनी दिलेले स्पष्टीकरण या शब्दाच्या मुळाशी नेणारे आहे. अचानक मरण आलेल्या माणसाला पापाची कबुली देऊन क्षमा मागण्याची सवड मिळत नाही. त्याच्या आत्म्याला शांती लाभावी म्हणून त्या वस्तूच्या किमतीतून प्रार्थना आणि दानधर्म करावयाचा, हा मूळ हेतू होता. अजाण मुलाच्या हातून पाप घडत नाही, मग त्याच्यासाठी प्रायश्चित्ताची गरज काय? स्वतः ब्लॅकस्टोन प्रोटेस्टंट असल्याने त्यांनी या समजुतीला जुन्या पोपशाहीतील अंधश्रद्धा म्हणून फटकारले आहे. पण नियमाचे तर्कशास्त्र मात्र त्यांनी नेमके टिपले.

देवाचा वाटा कोणाच्या पदरात?

देवाला द्यावयाचे धन देवापर्यंत पोहोचते कसे? कागदोपत्री व्यवस्था अशी होती, की रक्कम राजाकडे यावी आणि राजाच्या दानधर्म खात्यावरील अधिकाऱ्याने ती धर्मकार्यासाठी खर्च करावी. परंतु राजाने आपले अन्य हक्क जसे सरदारांना, मठांना आणि शहरांना बहाल केले तसाच हा हक्कही बहाल केला. आपल्या हद्दीत कोणी अपघाताने मेला की त्या वस्तूची किंमत जमीनदाराच्या तिजोरीत जाऊ लागली. सोळाव्या शतकात इंग्लंड पोपच्या छत्राखालून बाहेर पडले. मृतात्म्यांसाठी प्रार्थना करणे हीच गोष्ट तेथे त्याज्य ठरली. हेतू गेला, वसुली राहिली.

आपल्याकडे देवाच्या मालकीच्या संपत्तीला ‘देवस्व’ म्हणतात आणि देवस्थानाच्या जमिनीवर मूर्तीची मालकी कायद्यानेही मान्य केली आहे. इंग्लंडमधील ‘देवाच्या’ वस्तूला मात्र देव असा मालक कधीच मिळाला नाही.

सामान्य पंचांच्या मनाला हे पटत नव्हते. एखाद्या गरीब गाडीवानाचा घोडा लाथ मारून गेला, म्हणून त्याचे पोट ज्यावर चालते तो घोडा जमीनदाराला द्यावयाचा, हा कसला न्याय? पंचांनी त्यावर तोड काढली. ते वस्तूची किंमत नाममात्र लावत किंवा गाडीऐवजी एखादा छोटा भागच मृत्यूचे कारण ठरवत. वरिष्ठ न्यायालयानेही अशा प्रकरणी जमीनदाराच्या बाजूने सहसा हात घातला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस डिओडँड हा कायद्याच्या पुस्तकात जिवंत आणि व्यवहारात जवळपास मृत असा प्रकार होऊन बसला.

आगगाडी आली आणि

रेल्वेने चित्र पालटले. आता मारणारी वस्तू ही गाडीवानाचा घोडा राहिली नव्हती. ती हजारो पाउंडांचे भांडवल असलेल्या कंपनीचे इंजिन होती आणि मरणारे बहुधा गरीब होते. त्यातच इंग्लिश कायद्यात एक मोठी पोकळी होती. १८०८ साली ‘बेकर विरुद्ध बोल्टन’ या खटल्यात न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनी असा निर्णय दिला होता, की माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात भरपाई मागण्याजोगी हानी होऊ शकत नाही. या प्रकरणात घोडागाडी उलटून वादीची पत्नी जखमी झाली आणि सुमारे महिनाभराने मरण पावली. वादीला भरपाई मिळाली ती स्वतःच्या दुखापतीची आणि पत्नी जिवंत असलेल्या त्या महिन्याची. तिच्या मृत्यूनंतरच्या काळासाठी एक पैसाही नाही.

याचा व्यावहारिक अर्थ विलक्षण होता. प्रवाशाचा पाय मोडला तर कंपनीला भरपाई द्यावी लागे. प्रवासी मेला तर द्यावी लागत नसे. जखमी करण्यापेक्षा ठार करणे स्वस्त होते. अशा स्थितीत चौकशीला बसलेल्या पंचांच्या हाती एकच शस्त्र उरले होते, ते म्हणजे धूळ खात पडलेला डिओडँड. १८३० च्या दशकाच्या अखेरीपासून पंचांनी तो नव्याने उपसला आणि मोठमोठ्या रकमा लावण्यास सुरुवात केली. सॉनिंगचे एक हजार पाउंड त्यांतलेच. मृतांच्या घरी त्यातले काही पोहोचणार नाही, हे पंचांना ठाऊक होते. निदान कंपनीला झळ तरी बसावी, हा त्यांचा रोख होता. आपल्याकडे अपघातानंतर जमाव बस पेटवतो त्यामागे जो संताप असतो, तोच येथे कायद्याच्या भाषेत बोलत होता.

कंपन्यांनी या आकारण्यांना वरिष्ठ न्यायालयात आव्हान दिले आणि तांत्रिक त्रुटींवर बऱ्याच रद्दही झाल्या. सॉनिंगची आकारणीही टिकली नाही. त्या अपघाताचा एक परिणाम मात्र टिकाऊ ठरला. तिसऱ्या वर्गाच्या उघड्या डब्यांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि १८४४ च्या रेल्वे कायद्याने प्रत्येक मार्गावर रोज किमान एक गाडी, मैलाला एक पेनीपेक्षा अधिक भाडे न आकारता, बसण्याची सोय आणि ऊनपावसापासून संरक्षण असलेल्या डब्यांसह चालविणे बंधनकारक केले.

एका महिन्यात दोन कायदे

अखेर १८४६ च्या ऑगस्ट महिन्यात ब्रिटिश संसदेने दोन कायदे संमत केले. पहिल्याने १ सप्टेंबर १८४६ पासून डिओडँड रद्द झाला. दुसरा ‘प्राणघातक अपघात कायदा’. त्याने दुसऱ्याच्या चुकीमुळे मृत्यू आलेल्या माणसाची पत्नी, पती, आईवडील आणि मुले यांना प्रथमच भरपाईचा दावा करण्याचा हक्क दिला. दोन्हींमागे लॉर्ड कॅम्पबेल यांचा पुढाकार होता आणि दुसरा कायदा तर त्यांच्याच नावाने ओळखला गेला. योगायोग असा, की ‘बेकर विरुद्ध बोल्टन’चा १८०८ मधील निर्णय वृत्तान्त म्हणून ज्याने प्रसिद्ध केला तो तरुण वकील हेच जॉन कॅम्पबेल होते. ज्या नियमाची नोंद त्यांनी केली, त्याच नियमाला अडतीस वर्षांनी त्यांनी मुरड घातली.

देवाचे देणे संपले आणि माणसांचे देणे सुरू झाले, असे या घटनेचे वर्णन करता येईल. पण हा हिशेब एवढा सरळ नाही. नव्या कायद्याने दोष सिद्ध करण्याची अट घातली. डिओडँडला ती नव्हती. शिवाय, १८५२ च्या ‘ब्लेक विरुद्ध मिडलंड रेल्वे’ या खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले, की भरपाई केवळ आर्थिक नुकसानीची, शोकाची नाही. त्यामुळे कमावत्या माणसाच्या मृत्यूचे मोल ठरू लागले ते त्याच्या कमाईवरून. श्रीमंताचा जीव महाग आणि मजुराचा स्वस्त झाला. न कमावणाऱ्या मुलाच्या वा वृद्धाच्या जिवाला या हिशेबात जवळपास जागाच उरली नाही. आप्ताच्या वियोगाबद्दल ठरावीक रक्कम देण्याची तरतूद इंग्लंडच्या कायद्यात आली ती थेट १९८२ साली.

भारतातील पडसाद

१८४६ च्या कायद्याचे पडसाद भारतातही लवकरच उमटले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली आणि १८५५ साली कंपनी सरकारने कॅम्पबेल यांच्या कायद्याच्या धर्तीवर भारतासाठी ‘प्राणघातक अपघात कायदा’ (१८५५ चा तेरावा) केला. येथेही भरपाईचे हक्कदार तेच : पत्नी, पती, आईवडील आणि मुले. डिओडँड वसूल करणाऱ्या कोरोनरचे पदही इंग्रजांबरोबर येथे आले. मुंबई आणि कलकत्ता या शहरांसाठी १८७१ साली कोरोनरविषयक स्वतंत्र कायदा झाला आणि मुंबईत हे पद विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकून होते.

विशेष म्हणजे, दोष न पाहता देणे ठरविण्याचे डिओडँडचे तत्त्व आधुनिक कायद्यात वेगळ्या वेषात परतले आहे. भारतीय रेल्वेच्या अपघातात प्रवासी मृत्युमुखी पडल्यास रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. १ जानेवारी २०१७ पासून ही भरपाई चार लाखांवरून आठ लाख रुपये झाली. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १६४ नुसार, वाहनाच्या अपघातात मृत्यू झाल्यास चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध न करताही वारसांना पाच लाख रुपये मागता येतात. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की हे पैसे मृताच्या घरी जातात.

शब्द गेला, प्रश्न राहिला

रद्द झाल्यानंतरही हा शब्द विद्वानांच्या लेखनात अधूनमधून डोकावत राहिला. अमेरिकेतील विख्यात विधिज्ञ ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी ‘द कॉमन लॉ’ (१८८१) या ग्रंथाच्या पहिल्याच व्याख्यानात डिओडँडचा परामर्श घेतला आणि जहाजालाच जबाबदार धरणाऱ्या सागरी कायद्याशी त्याचा धागा जोडला. मुंबई उच्च न्यायालयात आजही सागरी दाव्यांत खुद्द जहाज नावानिशी प्रतिवादी असते आणि त्याला ‘अटक’ होते, हे येथे आठवावे. १९७४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर भाड्याने दिलेल्या एका नौकेचे प्रकरण आले. भाडेकरूच्या ताब्यात असताना नौकेवर गांजा सापडला आणि नौका सरकारजमा झाली. मूळ मालकाला याची कल्पनाही नव्हती. न्यायालयाने जप्ती कायम केली आणि अशा जप्तीचा इतिहास सांगताना डिओडँडचा उल्लेख केला. साहित्यात या शब्दाला निराळाच पुनर्जन्म लाभला. जॅक व्हान्स या लेखकाने ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) या कल्पनारम्य कथांच्या पुस्तकात नरभक्षक प्राण्यांना हे नाव दिले.

मार्च २०१८ मध्ये अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील टेंपी शहरात चाचणीसाठी निघालेल्या स्वयंचलित मोटारीने रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेचा बळी घेतला. दोष कोणाचा? गाडीत बसलेल्या, पण गाडी न चालविणाऱ्या चालकाचा, आज्ञावली लिहिणाऱ्यांचा की कंपनीचा? सरकारी वकिलांनी २०१९ साली कंपनीवर फौजदारी खटल्यास आधार नसल्याचे सांगितले. चालकाने २०२३ साली गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांची परिवीक्षा मिळाली. स्वतःहून हलणाऱ्या वस्तूने माणूस मारला तर काय करावयाचे, हा बेडफर्डशरच्या पंचांपुढचा प्रश्न एकविसाव्या शतकाच्या न्यायालयापुढे नव्याने उभा राहिला.

मध्ययुगातील उत्तर आज कोणी स्वीकारणार नाही. वस्तूला अपराधी मानणे भाबडेपणाचे होते आणि देवाच्या नावाने जमीनदाराची तिजोरी भरणे त्याहून वाईट. परंतु माणूस अपघाताने गेला तर गावाने जमावे, कारण शोधावे आणि त्या मृत्यूचे काही देणे लागते हे शपथेवर मान्य करावे, एवढा भाग त्या जुन्या रीतीत होता. ‘डिओडँड’ या शब्दात ‘कोणाला’ याचे उत्तर चुकले होते. ‘द्यावयाचे आहे’ हे मात्र त्याने कधी नाकारले नाही.

चौकट : ‘डिओडँड’चे भाऊबंद

‘द्यावयाचे’ या अर्थाचे लॅटिन रूप ज्या पद्धतीने बनले, त्याच पद्धतीने बनलेले अनेक शब्द मराठीतही रोज वापरले जातात.

अजेंडा : करावयाच्या गोष्टी. सभेपुढील विषयांची यादी.

मेमोरँडम : लक्षात ठेवावयाचे, संस्कृत ‘स्मरणीय’शी जुळणारे रूप. कार्यालयातील ‘मेमो’ हे त्याचेच लघुरूप.

डिव्हिडंड : वाटावयाचे. भागधारकांना मिळणारा लाभांश.

रेव्हरंड : आदर करण्यास योग्य, शब्दशः ‘आदरणीय’. ख्रिस्ती धर्मगुरूंच्या नावाआधी लावले जाणारे संबोधन.

प्रोपगंडा : पसरवावयाचे. कॅथलिक पंथाच्या धर्मप्रसारासाठी रोममध्ये १६२२ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या लॅटिन नावातून आलेला शब्द.